ऊर्जेची प्रत आणि चांदा मुलुखाचा औद्योगिक इतिहास : मार्कंडा ते कोनसरी

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा हे प्राचीन मंदिरांचे क्षेत्र आहे. नदी येथे उत्तरेकडे वळण घेते, म्हणून या स्थानास विशेष पावित्र्य लाभले आणि महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात भारतीय पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी मध्य प्रांताचा दौरा केला आणि या मंदिरसमूहाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास पुढील माहिती लिखित स्वरूपात आली : सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मुख्य मंदिराच्या शिखरावर वीज कोसळली आणि शिखराचा वरचा भाग महामंडपावर पडून त्याची मोठी हानी झाली.

ही घटना मंदिरस्थापत्याच्या अभ्यासकांनी वारंवार उल्लेखिली आहे. पदार्थविज्ञानाच्या अंगाने तिच्याकडे पाहिल्यास एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. आकाशातून भूमीवर येणाऱ्या एका सामान्य विजेतील ऊर्जा ढोबळमानाने शंभर कोटी जूल, म्हणजे सुमारे २८० युनिट धरतात. वर्धा खोऱ्यातील मध्यम प्रतीच्या कोळशाचे उष्मामूल्य किलोला चार हजार किलोकॅलरी धरले, तर एवढी ऊर्जा साठेक किलो कोळशात असते. एवढा कोळसा मंदिराच्या पायथ्याशी शेगडीत जाळला असता, तर भिंत काळवंडली असती, यापलीकडे काहीही झाले नसते. विजेच्या ऊर्जेचाही बहुतेक भाग वाटेतील हवा तापविण्यात, प्रकाशात आणि गडगडाटात खर्ची पडतो. दगडापर्यंत पोहोचतो तो अल्प अंश, आणि सांध्यांतील ओलाव्याची क्षणार्धात वाफ करून चिरे उखडण्यास तेवढा पुरतो.

या फरकाची कारणे दोन असून ती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. एक कारण काळाचे आहे. वीज ती ऊर्जा सेकंदाच्या अल्पशा भागात देते, शेगडी काही तासांत देते. हा शक्तीचा, म्हणजे वेगाचा भेद झाला. दुसरे कारण प्रतीचे आहे. विद्युत ऊर्जा तत्त्वतः संपूर्णपणे कार्यात रूपांतरित होऊ शकते. उष्णतेच्या बाबतीत मात्र ती कोणत्या तापमानास आहे आणि सभोवतालचे तापमान काय आहे, यावर तिच्यातून मिळू शकणारे कार्य अवलंबून असते. ऊष्मागतिकीमध्ये ज्यास ऊर्जेची गुणवत्ता किंवा प्रत म्हणतात, ती ही. चांदा मुलुखाचा, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा औद्योगिक इतिहास आजवर टनांत आणि मेगावॅटमध्ये लिहिला गेला आहे. तोच इतिहास ऊर्जेच्या प्रतीच्या दृष्टीने वाचला असता त्यातील काही घटनांचा अर्थ बदलतो, हे येथे दाखवावयाचे आहे.

प्रतीची कल्पना

साडी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये असे प्रतिपादन केले की, उष्णतेपासून कार्य मिळते ते ती उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे जाताना, आणि त्या कार्याची कमाल मर्यादा केवळ दोन तापमानांवर अवलंबून असते. ऊर्जा अक्षय्य आहे, हा सिद्धांत त्यानंतर जूल प्रभृतींच्या प्रयोगांनी प्रस्थापित झाला. मग एक अडचण उद्भवली. ऊर्जा नष्टच होत नसेल, तर वाया काय जाते? विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्ये निसर्गातील यांत्रिक ऊर्जेच्या अपव्ययाची सार्वत्रिक प्रवृत्ती मांडून याचे उत्तर दिले, आणि क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये त्याच विचारास एंट्रॉपी हे नाव व गणिती रूप दिले. अमेरिकेत गिब्ज यांनी १८७३ मध्ये उपलब्ध ऊर्जेची कल्पना भूमितीच्या साहाय्याने स्पष्ट केली. कनिंगहॅम यांचा मध्य प्रांतातील दौरा त्याच साली सुरू झाला, हा निव्वळ योगायोग होय. या उपलब्ध ऊर्जेस ‘एक्सर्जी’ हे नाव झोरान रांट यांनी दिले ते १९५६ मध्ये. कल्पना आणि तिचे नाव यांच्यात ऐंशीहून अधिक वर्षांचे अंतर पडले.

आकडेमोड सोपी आहे. परिसराचे तापमान ३० अंश सेल्सिअस, म्हणजे निरपेक्ष मापाने ३०३ अंश धरले, तर १२०० अंश सेल्सिअसवरील शंभर भाग उष्णतेतून कमाल ७९ भाग कार्य मिळू शकते, १०० अंशावरील उष्णतेतून सुमारे १९ भाग, आणि ४५ अंशावरील उष्णतेतून पाचही भाग मिळत नाहीत. तिन्ही ठिकाणी ऊर्जा शंभर भागच आहे.

लोणारी आणि भट्टीवाला

मार्कंडा येथील मूर्तींची कलाकुसर कठीण धारेच्या छिन्नीवाचून शक्य नव्हती, आणि लोखंड गाळणारी गावे याच मुलुखात होती. लोहारा, पिंपळगाव, देवलगाव, गुंजेवाही या परिसरातील खनिज उत्तम प्रतीचे असल्याची नोंद ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी केली आहे. त्यातही लोहारा येथील टेकडीच्या खनिजात लोहाचे प्रमाण शेकडा साठाहून अधिक आढळले. या गावांतील भट्ट्या मातीच्या आणि साधारण माणसाच्या उंचीच्या आत असत. वारा भात्याने दिला जाई आणि इंधन म्हणून केवळ लाकडी कोळसा वापरला जाई.

येथे प्रतीचा प्रश्न प्रथम भेटतो. एक किलो लोणारी कोळसा करण्यास पारंपरिक पद्धतीने पाच-सहा किलो लाकूड लागते आणि लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा कोळसा पाडतानाच निघून जाते. केवळ ऊर्जेचा हिशेब करणाऱ्यास हा उधळेपणा वाटेल. परंतु ओलसर लाकडाच्या ज्वाळेने भट्टीत हवे तेवढे तापमान येत नाही. पाणी आणि बाष्पशील द्रव्ये निघून गेलेला धावड्यासारख्या कठीण लाकडाचा कोळसा भात्याच्या वाऱ्यावर १२०० अंशांच्या आसपास पोहोचतो, आणि त्यातील कार्बन खनिजातला ऑक्सिजनही काढून घेतो. लोणारी ऊर्जेचे परिमाण गमावून तापमान मिळवीत होता. हा व्यवहार त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, कार्नोच्या निबंधाची त्यास गरज नव्हती.

एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवावी. या भट्टीत लोखंड वितळत नसे. मळी पातळ होऊन वाहून जाई आणि तळाशी सच्छिद्र लोखंडाचा गोळा उरे. तो ठोकून ठोकून घडवावा लागे. वनकायद्यांनी कोळशासाठी लाकूड मिळणे दुष्कर केले आणि आगगाडीने विलायती लोखंड स्वस्त केले, तेव्हा हा धंदा ओसरत गेला.

वरोऱ्याचा कोळसा

वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाचा पद्धतशीर शोध १८६० नंतरच्या दशकात लागला. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात कामास लागली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग टाकण्यात आला. याच दशकात, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. जागा निवडताना कापसाच्या जोडीने जवळच्या इंधनाचाही विचार झाला होता. वाफेच्या इंजिनास हा कोळसा चालत होता. त्या काळच्या चांगल्या इंजिनाचीही कार्यक्षमता शेकडा दहा-पंधराच्या पुढे जात नसे, त्यामुळे कोळशातली बहुतेक ऊर्जा धुराड्यातून आणि वाफेतून जाई, पण चाके फिरत होती.

१८८२ मध्ये फॉन श्वार्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोह-उद्योगाच्या शक्यतेवरील अहवाल टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा ही दोन्ही एकाच जिल्ह्यात, परस्परांपासून फार दूर नाहीत. टाटांनी स्वतः लोहारा पाहिले, कोळशाचे नमुने मिळविले आणि ते जर्मनीत तपासून घेतले. कोळसा झोतभट्टीस निरुपयोगी ठरला. खाणपट्ट्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या. बेत सोडावा लागला.

ही कथा उद्योगेतिहासात बहुधा दोन वाक्यांत आटोपली जाते : ‘कोळसा हलक्या प्रतीचा निघाला.’ या वाक्यातील ‘प्रत’ या शब्दानेच घोटाळा केला आहे. ऊष्मागतिकीच्या मापाने वरोऱ्याचा कोळसा हलका नव्हता. कोणत्याही कोळशातील रासायनिक ऊर्जा ही उच्च प्रतीची असते. तत्त्वतः तिचा जवळजवळ सर्व भाग कार्यात बदलता येतो. वरोऱ्याच्या कोळशात ओलावा व राख अधिक होती, म्हणजे किलोमागे ऊर्जा कमी होती, हा परिमाणाचा दोष. खरी अडचण तिसरीच होती. झोतभट्टीला कोक लागतो आणि कोकने एकाच वेळी तीन कामे करावयाची असतात : उष्णता देणे, ऑक्सिजन काढून घेणे आणि खनिजाचा प्रचंड भार पेलून धरीत मधून वारा जाऊ देणे. वर्धा खोऱ्याचा कोळसा तापविला असता मऊ होऊन एकजीव होत नाही. त्याचा भुगा होतो. तो पहिली दोन कामे करू शकला असता, तिसरे नव्हे. टाटांचा चांदा प्रकल्प अडला तो ऊर्जेच्या कमतरतेमुळे नव्हे, ऊर्जेच्या प्रतीमुळेही नव्हे, तर इंधनाच्या अंगच्या बळकटीमुळे. या तीन गोष्टी वेगळ्या न केल्याने ‘चांद्याचा कोळसा कमअस्सल’ हा समज रूढ झाला आणि पुढे तो खालच्या दर्जाच्या वापराचे समर्थन बनला.

शोध तेथेच थांबला नाही. १९०३-०४ च्या सुमारास दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांनी चांद्याचा प्रदेश पुन्हा पालथा घातला. निष्कर्ष पूर्वीचाच निघाला. बेत रद्द झाल्याचे सांगण्यास दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले असता, भेटीची वाट पाहताना ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तेथील भूवैज्ञानिक नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाच्या खुणा त्यांच्या दृष्टीस पडल्या. त्या खुणांनी त्यांना ढल्ली-राजहऱ्याकडे नेले. १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस यांचे मयूरभंजविषयीचे पत्र आले, कोक होणारा कोळसा झरियात होता, आणि कारखाना साकचीला गेला. चांद्याहून निघालेली ही वाट जमशेदपूरला पोहोचली.

वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. या खोऱ्यातील कोळशाचा आणखी एक स्वभाव येथे नोंदविण्यासारखा आहे. हवा लागली की तो मंदपणे तापत जातो आणि आपोआप पेट घेतो. खाणीतील आग म्हणजे तीच रासायनिक ऊर्जा, पण एकही चाक न फिरविता थेट परिसराच्या तापमानाला उतरलेली. परिमाणाच्या खतावणीत अशा आगीला ‘इतके टन नुकसान’ म्हणून जागा मिळते. बॉयलरमधील आगीलाही नुकसानीच्या रकान्यात काही जागा असली पाहिजे, हे मात्र कोणास सुचत नाही.

दुर्गापूरचे केंद्र

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९८३ मध्ये चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथील महाऔष्णिक विद्युत केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचे तीन असे सात संच १९९७ पर्यंत उभे राहिले. एकूण क्षमता २३४० मेगावॅट झाली. पुढे ५०० मेगावॅटच्या आणखी दोन संचांची भर पडली, पहिले दोन जुने संच निवृत्त झाले, आणि क्षमता २९२० मेगावॅट झाली. झोतभट्टीने नाकारलेल्या जातीच्या कोळशास येथे हक्काचे गिऱ्हाईक मिळाले, कारण बॉयलरला भार पेलणारा कोक नको असतो, उलट कोळसा पिठासारखा दळूनच घ्यावा लागतो.

अशा केंद्रात कोळशातील शंभर भाग ऊर्जेपैकी साधारण ३५ भाग वीज म्हणून बाहेर पडतात. उरलेले कोठे जातात, असे विचारले तर पाठ्यपुस्तकी उत्तर ठरलेले आहे : कंडेन्सरमध्ये. ऊर्जेच्या हिशेबाने ते बरोबर आहे. जवळजवळ निम्मी ऊर्जा थंड करणाऱ्या पाण्यात जाते. बॉयलर मात्र ८५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षम ठरतो. प्रतीचा हिशेब मांडला की हे चित्र उलटे होते. बॉयलरमध्ये ज्वाळेचे तापमान १४०० अंशांच्या घरात असते आणि वाफ तयार होते ती सुमारे ५४० अंशांची. ज्वलनात आणि या मोठ्या तापमान-अंतरावरून होणाऱ्या उष्णतेच्या वहनात इंधनाच्या उपलब्ध कार्याचा निम्म्याच्या आसपास भाग नष्ट होतो. कंडेन्सरमधून जाणारी उष्णता विपुल खरी, पण ती ४५ अंशांच्या आसपासची असते. वर पाहिल्याप्रमाणे तिच्यातून शेकडा पाच भागही कार्य निघत नाही. तात्पर्य, धूर सोडणाऱ्या चिमण्या आणि वाफ सोडणारे मनोरे डोळ्यांत भरतात, पण खरा नाश त्यापूर्वीच, बॉयलरच्या पोटात, कोणाच्या नजरेस न पडता होऊन गेलेला असतो. ‘टाकाऊ उष्णता वापरात आणा’ हा उपदेश म्हणूनच कंडेन्सरच्या बाबतीत फारसा फलदायी होत नाही, आणि नवी केंद्रे अधिकाधिक तापमानाच्या वाफेकडे वळली त्याचेही कारण हेच.

मात्र कार्य देण्यास असमर्थ असलेली उष्णता निरुपद्रवी असते, असे नव्हे. ती कोठे तरी ठेवावी लागते, आणि येथे ती पाण्याच्या वाफेत ठेवली जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी मेगावॅट-तासामागे ३.५ घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घातली. त्या मर्यादेने २९२० मेगावॅटच्या पूर्ण भारास दिवसाला जवळपास २ लाख ४५ हजार घनमीटर पाणी होते. हे पाणी इरई धरणातून येते. मे २०१० मध्ये धरणातील साठा खालावला आणि केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, मागणी होती. नव्हते ते हलक्या प्रतीची उष्णता टाकण्याचे ठिकाण. कार्नोचा सिद्धांत दोन तापमानांची अट घालतो. त्यातील थंड बाजू नाहीशी झाली की उष्ण बाजू कितीही समर्थ असून उपयोग नसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात क्वचितच सापडेल. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर नेणाऱ्या शहराजवळ हे केंद्र आहे, हेही विसरता येत नाही.

चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट दाबाची उच्चदाब एकदिश विद्युतवाहिनी १९९० च्या दशकाअखेरीस कार्यान्वित झाली. तिची क्षमता १५०० मेगावॅट आहे. एवढ्या अंतरावर उष्णता नेता येत नाही, कोळसा न्यावयाचा तर मालगाड्या लागतात. वीज मात्र अत्यल्प हानीने जाते, कारण ती सर्वोच्च प्रतीची ऊर्जा आहे. या वाहिनीने राज्याच्या ऊर्जेची एक विभागणीच करून टाकली. कोळशातून वेगळा काढलेला उच्च प्रतीचा भाग मुंबईच्या दिशेने जातो, आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट असलेला हलक्या प्रतीचा भाग राखेसह इरईच्या काठी राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. प्रदूषणाच्या त्या मोजणीत हवा, पाणी व भूमी यांचा विचार होतो. ऊर्जेच्या प्रतीची विभागणी तिच्यात येत नाही, आणि ‘जिल्हा राज्याला प्रकाश देतो’ या गौरवाच्या वाक्यातही येत नाही.

पुन्हा चामोर्शी तालुक्यात

टाटांना अडविणारी कोकची अट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या मार्गाने सैल झाली. स्पंज लोखंडाच्या पद्धतीत खनिज वितळवावे लागत नाही. फिरत्या भट्टीत सुमारे हजार अंशांवर, घन अवस्थेतच, कोक न होणाऱ्या साध्या कोळशाने त्यातील ऑक्सिजन काढून घेतला जातो. भार पेलण्याचे काम इंधनावर नसल्यामुळे चांद्याच्या कोळशाचा जुना दोष येथे दोषच राहत नाही. घुग्गुस येथे असा कारखाना १९९० च्या दशकात सुरू झाला. न वितळलेले सच्छिद्र लोखंड मिळविण्याची ही रीत लोहारा-गुंजेवाहीच्या मातीच्या भट्टीला साकचीच्या झोतभट्टीपेक्षा अधिक जवळची आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास सरळ रेषेत चढत जातो, असे मानणाऱ्यांनी हे नाते तपासून पाहावे.

आता एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरातून खनिज काढले जाते, आणि अलीकडच्या वर्षांत कोनसरी येथे स्पंज लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. कोनसरी चामोर्शी तालुक्यात आहे. मार्कंड्याचे मंदिरही याच तालुक्यातले. फिरत्या भट्टीतून बाहेर पडणारे वायू ९०० अंशांच्या आसपास तापलेले असतात. त्या तापमानाच्या शंभर भाग उष्णतेतून तत्त्वतः ७४ भाग कार्य मिळू शकते, म्हणून अशा कारखान्यांत त्या वायूंवर वाफ करून वीज घेण्याची सोय करता येते. दुर्गापूरच्या कंडेन्सरमधील आणि या भट्टीच्या मुखाशी असलेल्या उष्णतेला शासकीय कागदपत्रांत एकच नाव आहे, ‘टाकाऊ उष्णता’. पहिलीचे तापमान ४५ अंश, दुसरीचे ९००. दोन्हींपुढे ती किती आहे, याचा आकडा असतो. ती किती अंशांवर आहे, हा रकाना १९०९ च्या चांदा गॅझेटियरच्या तक्त्यांत नव्हता आणि आजच्या प्रकल्प-अहवालांच्या सारांशातही तो क्वचितच आढळतो.